मायवेलीवरचा धूर

सातपुडा उतरता उतरता जिथे आपलं शेवटचं टेकाड टाकतो, तिथे शिरजखोरी नावाचं गाव आहे. त्या टेकाडावर एक जुना कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली डोमाजी महाराजांची धुनी. महाराज कुठून आले ते कोणाला कळलं नाही. एका उन्हाळ्यात गुराख्यांना ते झाडाखाली बसलेले दिसले आणि पुढे गावानंच त्यांना उठू दिलं नाही. कमरेला लंगोटी, हाताशी चिमटा, ओठांवर नारायणाचं नाव. मागणं म्हणून कधी नाही. कोणी भाकर आणली तर घ्यायची आणि त्यातली अर्धी कुत्र्याला घालायची. अशा माउलीच्या चरणांवर आधी मस्तक ठेवू या, भाविकहो, आणि मग त्या थंडीची कथा सांगू, जिची आठवण निघाली की शिरजखोरीची म्हातारी माणसं आजही अंगावरचं पांघरूण सारखं करतात.

कथा महाराजांची, पण तिच्यातली धावपळ सगळी दौलत चौधरींची. म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

शिरजखोरी हे पानमळ्यांचं गाव. शेवरीची आणि हेट्याची, म्हणजे हादग्याची, झाडं दाट लावायची, त्यांच्या खोडांवर नागवेल चढवायची, आणि चारी बाजूंनी गवताचे ताटवे, म्हणजे कूड, बांधून वारा अडवायचा, असा हा मळा असतो. भर दुपारी आत शिरलं तरी सावली आणि ओल. ही वेल मुळात उबदार, दमट मुलखातली. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, आणि थंडी तर मुळीच सोसत नाही. म्हणून मळेकरी तिला मुलीसारखी वाढवायचे. मळ्यात जायचं ते अंघोळ करून आणि अनवाणी. आणि सगळ्यांत कडक नेम धुराचा! नागवेल ही वासुकीची लेक, आणि नागाला धूर चालत नाही. म्हणून मळ्यात विडी नाही, चिलीम नाही, बांधावर चूल नाही. ज्याच्या कपड्यांना धुराचा वास आला त्यानं ताटव्याबाहेर उभं राहायचं. पाहुणा असो, जावई असो, सवलत कोणालाच नव्हती.

या नेमाचे राखणदार म्हणजे दौलत चौधरी. मळेकऱ्यांच्या मुखियाला तिकडे चौधरी म्हणतात. माणूस वाईट नव्हता, पण अंगात एक क्षण स्वस्थपणा नव्हता. उभे राहिले की चालावंसं वाटायचं, चालले की ओरडावंसं वाटायचं. त्यांच्या मळ्याच्या मधोमध एक वेल होती. मनगटाएवढी जाड, पांगाऱ्याच्या म्हाताऱ्या खोडावर चढलेली. तिला सारं गाव मायवेल म्हणायचं. गावातली झाडून सगळी वेल तिच्याच बेण्याची. आणि एक रीत होती: मळेकऱ्याची मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर मायवेलीचा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून घालायचा. सासरच्या मळ्यात तो तुकडा लागला की मुलगीही त्या घरात लागली असं मानायचे.

चौधरींना एकुलती एक मुलगी, कौतिका. माघात तिचं लग्न ठरलं होतं. मुलीची आई मागेच वारली. जाताना नवऱ्याचा हात धरून म्हणाली होती, "पोरीची ओटी माह्या हातानं भरनं होत नाही आता. तुमी भराल ना?" चौधरींनी मान हलवली होती. तेव्हापासून ते मायवेलीची पानं रोज हातानं चाचपून बघत. गावापुढे कितीही गुरगुरले तरी तिच्यापुढे त्यांचा आवाज खाली येई.

याच मळ्यात पूर्वी उकर्डा नावाचा माणूस पानं खुडायला होता. त्याची बोटं फार हलकी. पान देठाला कधी दुखवायचा नाही. पण त्याला महाराजांच्या धुनीचं वेड लागलं. सकाळी गोवऱ्या, संध्याकाळी लाकडं. साहजिकच सदऱ्याला धुराचा वास येऊ लागला आणि चौधरींनी त्याला मळ्याचं दार बंद केलं. उकर्डा मग मिळेल ती मजुरी करू लागला, पण धुनी सोडली नाही. रस्त्यात भेटला की चौधरी नाकाला उपरणं लावत.

"उकर्ड्या, तुह्यापरीस देवघरातलं धुपाटनं बरं रे! ते देवापुढं तरी धुपते. तू तं बारा महिने गावभर धुपत फिरतं. तुहे महाराज तुले देतात तरी काय?"

"राख देतात जी," उकर्डा सांगायचा. "तेवढीच लागते मले."

यावर आजूबाजूचे लोक हसायचे. उकर्डाही हसायचा, आणि चौधरींना नेमका त्याचाच राग यायचा.

एकदा तर ते थेट टेकाडावर चढून गेले. बसले नाहीत. बसले असते तर सदऱ्याला वास लागला असता!

"महाराज, ही धुनी दुसरीकडं न्या."

"काऊन रे बाप्पा?" महाराजांनी विचारलं.

"खाली मळे हायेत. धूर उतरला तं वेली रुसतीन."

महाराजांनी बोट वर केलं. धुनीचा बारीक धूर कडुनिंबाच्या फांद्यांतून सरळ आभाळाकडे चालला होता. "तो तं वर चालला. तुह्या मळ्यात त्याचं काय काम?"

"अन् उतरला तं?"

"उतरला तं तू ये."

"येईन! ह्या हातानं धुनी इझवीन."

महाराज हसले. पण ते चेष्टेचं हसू नव्हतं. म्हणाले, "असंच करजो, दौलत. पन दुसऱ्या कोनाले धाडू नको. तूच ये. अन् घागर भरून आनजो, रिकामी आनू नको."

आपली थट्टा झाली की आपल्याला परवानगी मिळाली, हे चौधरींना उतरताना काही केल्या उमगेना. ते बोलणं त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

पुढे पौष आला. आमच्याकडे उन्हाळा भाजून काढतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण डोंगराच्या पायथ्याला एखाद्या साली अशी थंडी उतरते की तिची कोणालाच सवय नसते. त्या दिवशी दुपारनंतर वारा एकदम पडला. आभाळ धुतल्यासारखं निवळ झालं. गुरं हाकलल्यावाचून गोठ्यात शिरली, कुत्री चुलीतल्या राखेत जाऊन बसली. पारावरचा एक म्हातारा हात काखेत घालून म्हणाला, "आज दहिवर गोठते बाप्पा."

चौधरींनी ते ऐकलं. त्यांच्या आजोबांच्या वेळी खालच्या गावात अशीच एक थंडी पडली होती. सकाळी तिथल्या वेली उकडलेल्या भाजीसारख्या लोंबत होत्या, आणि ऊन चढताच काळ्या पडल्या. त्या गावात पुन्हा नागवेल लागली नाही. ही गोष्ट चौधरींनी लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की ते काळे मळे आपणच पाहिले असं त्यांना वाटे. उद्या मायवेल अशीच काळी पडली तर? गावाचं बेणं बुडालं, आणि कौतिका रिकाम्या ओटीनं निघाली!

मग कसला धीर धरवतो! ते मळ्यात गेले, ताटव्यांची भोकं पेंढ्यानं बुजवली. घरी आले, पाटावर बसले, भाताला हात लावला आणि उठले. पुन्हा मळ्यात. पुन्हा घरी. परतताना रस्त्यात उकर्डा दिसला. डोक्यावर वाळक्या शेवरीच्या काड्यांची मोळी. ताटव्याबाहेर पडलेल्या काड्या वेचून त्यानं ती बांधली होती. चौधरींना कोणावर तरी ओरडायचंच होतं.

"माह्या मळ्याच्या काड्या अन् धुनीले?"

"बाहीर पडलेल्या होत्या जी. महाराज दुपारपासून बसलेच नाहीत. सारखे धुनीभोवती फिरून राह्यले. खाली मळ्याकडं पाहतात अन् नारायन नारायन म्हनतात. म्हनून म्हटलं आज जास्तीचं सरपन न्यावं."

"थंडी वाजत असंन तुह्या महाराजाले! मग लंगोटी लावून काऊन बसते?" असं म्हणून चौधरींनी मोळी त्याच्या डोक्यावरून खेचली आणि शेजारच्या पाटात लोटून दिली.

पाट तुडुंब भरून वाहत होता. मोळी भिजून जड झाली.  उकर्डा त्या गार पाण्यात गुडघाभर उतरला, मोळी बाहेर काढली, डोक्यावर घेतली आणि निथळत निथळत टेकाड चढू लागला. चौधरी पाहत राहिले. त्याचे थरथरणारे पाय पाहून त्यांना क्षणभर ओशाळं वाटलं. पण मळ्याची आठवण झाली आणि तेवढं ओशाळणंही राहून गेलं.

वर काय झालं ते पुढे उकर्डाच सांगत असे. तो म्हणाला, "महाराज, लाकडं वली झाली."

"कशानं रे?"

"पाटात पडली जी." त्यानं चौधरींचं नाव घेतलं नाही.

महाराज त्याच्या ओल्या धोतराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पडली नाहीत, पाडली. ज्यानं पाडली त्याले नारायन सुखी ठेवो. घाल हेच. आज वलंच पाहिजे." आणि इतका वेळ येरझाऱ्या घालणारे महाराज धुनीपाशी स्वस्थ बसले. धन्य ती माउली!

इकडे घरी कौतिका कंदील लावून वाट पाहत होती. वडील आले तशी ती दबकत म्हणाली, "बाबा, एक बोलू का? डोंगरापल्याडचे केळीवाले अशा थंडीत बांधावर काडीकचरा जाळतात म्हने. धूर पसरला की पिकाले पांघरून होते."

"धूर?" चौधरी कडाडले. "नागवेलीच्या मळ्यात धूर? चौधऱ्याची पोरगी ना तू?"

"मायवेल वाचली पाहिजे ना पन."

"वाचंन! माह्या नेमानं वाचंन!"

पण आवाज चिरकला, आणि तो चिरकलेला मुलीनं ऐकला. ती आत गेली आणि पेटीतून आईचं जुनं हिरवं लुगडं घेऊन आली. ते आजवर कोणी वापरायला काढलं नव्हतं. "हे तरी घाला तिच्या अंगावर," ती म्हणाली. चौधरींनी ते घेतलं आणि तसेच माघारी फिरले. मायवेलीच्या खोडापासून शेंड्यापर्यंत त्यांनी ते लुगडं गुंडाळलं, जिथे पोचलं नाही तिथे स्वतःचं उपरणं, अंगावर पांघरलेलं धोतराचं जोडपान, जे हाताला लागेल ते. एक वेल झाकली. पण बाकीचा मळा उघडाच होता, आणि गावातले सगळे मळे उघडे होते. ते ताटव्याला टेकून बसले, उठले, पुन्हा बसले. थंडी जमिनीतून वर येत होती. मायवेलीचं जे एक पान लुगड्याबाहेर राहिलं होतं, त्याला ते घडीघडी हात लावत. ते पान मघापेक्षा गार लागायचं. देवाचं नाव घ्यावं तर तेही त्यांना सुचेना.

पहाट व्हायला थोडा अवकाश असताना त्यांचा डोळा लागला. जाग आली ती वासानं.

धूर!

ते ताडकन उठले. टेकाडाकडून धूर येत होता. रोज आभाळाकडे चढणारा तो धूर आज जमिनीला धरून, उतारानं वाहत आला होता. ताटव्याच्या फटींतून आत शिरत होता, शेवरीच्या बुडख्यांभोवती साचत होता, वेलींच्या पानापानांवर बसत होता. शेजारचा मळा दिसेनासा झाला. मायवेलीवरचं हिरवं लुगडंही अंधुक झालं. एका गरीब माणसाच्या एका मोळीतून एवढा धूर निघतो कसा, हा विचार त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलाच नाही. त्यांना एवढंच दिसलं की थंडीनं जे व्हायचं होतं ते आता धुरानं होणार.

"घात केला! बुवानं घात केला!" असं ओरडत त्यांनी मळ्यातली घागर उचलली आणि धावत सुटले. पाटाच्या कडेला पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. तो फोडून त्यांनी घागर बुडवली आणि टेकाड चढले. धाप लागली, पाय घसरले, पण घागर सांडू दिली नाही.

महाराज धुनीपाशी बसले होते. समोर उकर्डा फुंकणी घेऊन बसला होता.

"आला का दौलत?" महाराज म्हणाले. "भरून आनली ना?"

चौधरींनी घागर धुनीत उपडी केली. फस्स करून मोठा आवाज झाला. वाफेचा आणि धुराचा लोट उठला, कडुनिंबापर्यंत चढला, तिथे क्षणभर घुटमळला आणि वळून खाली मळ्यांकडे चालू लागला. चौधरींनी वाकून पाहिलं. धुनीच्या पोटात निखारा तसाच लाल होता.

"अजून आनतो! इझते कशी नाही पाहतो!"

"पाह्य पाह्य," महाराज म्हणाले. मग त्यांनी उकर्डाकडे पाहिलं. "उकर्डा, ह्याले चढता-उतरता दम लागते. तू भरून देत जा."

उकर्डाच्या हातातली फुंकणी गळून पडली. ज्या धुनीसाठी हातचं काम गेलं, गावानं नावं ठेवली, ती आपणच विझवायची? त्याचे डोळे भरून आले. "महाराज, माह्या हातानं?"

"तुह्याच हातानं रे."

भाविकहो, सेवा करणं सोपं आहे. सांगितल्यावर तीच सेवा मोडायला उठणं फार अवघड आहे! पण उकर्डा उठला. पाटावर गेला, घागर भरली, अर्ध्या चढावर चौधरींच्या हातात दिली. चौधरींनी ती ओतली. पुन्हा घागर, पुन्हा फस्स, पुन्हा धुराचा लोट. पाणी पडलं की धूर दाट व्हायचा, आणि निखारा मात्र होता तसाच. चौधरी शिव्या देऊ लागले, मग विनवू लागले, मग रडू लागले. "इझ ना वो माय! इझ एकडाव! माह्या पोरीची ओटी हाय तथी!" भिजलेले, राखेनं माखलेले, केस विस्कटलेले ते चौधरी चढावर खाली-वर धावत होते, आणि नकळत त्यांच्या हातून काय घडत होतं ते फक्त एका नारायणाला ठाऊक होतं.

तांबडं फुटलं. घागर हातातून निसटली आणि दगडावर आपटून फुटली. चौधरी तिथेच मटकन बसले. सूर्याची तिरीप कडुनिंबावर आली आणि नवल असं, की धुनीचा धूर आपोआप आटला. एक बारीक रेघ उरली. ती रोजच्यासारखी सरळ वर चालली होती.

"जा," महाराज म्हणाले. "मळा पाहून ये."

चौधरी उठले. मेलेल्या माणसाच्या घरी जावं तसे जड पायांनी टेकाड उतरू लागले. उताराच्या मध्यावर पायाखाली करकर वाजलं. त्यांनी खाली पाहिलं. गवत पांढरंफेक होतं. दहिवर गोठून काड्यांवर चिकटलं होतं. बाजूला एकाची तूर होती. तिची फुलं आणि शेंडे उकडल्यासारखे माना टाकून पडले होते. बांधावरच्या एरंडाची पानं खाली लोंबत होती.  तूर गेली, एरंड गेला. मग नागवेल कुठून राहणार?

ते मळ्याच्या ताटव्यापाशी आले. आत अजून धूर साचलेला होता, निळसर, विरत चाललेला. त्यांनी पाऊल आत टाकलं आणि थबकले. बाहेर पायांना झोंबणारी माती आत झोंबत नव्हती. डोळे चोळत त्यांनी जवळच्या वेलीचं पान हातात घेतलं. पान ओलं होतं, मऊ होतं आणि हिरवं होतं! पुढची वेल पाहिली, त्यापुढची पाहिली. ते धावत मधोमध गेले आणि बायकोचं लुगडं सोडवलं. मायवेल जशीच्या तशी उभी होती. लुगड्याबाहेर राहिलेलं ते एकटं पानही सुखरूप होतं, आणि शेंड्याला पोपटी रंगाची कोवळी सुरळी उलगडत होती.

मागून कौतिका आली. तीही पहाटेपासून वडिलांना शोधत होती. "बाबा! वाचली की वो सारी! आजूबाजूचे मळे बी वाचले. धूर कोनं केला?"

चौधरी मुलीकडे वळले. "म्या केला," ते म्हणाले. मग डोकं गच्च धरून म्हणाले, "नाही पोरी. म्या तं इझवाले गेलो होतो. म्या काई नाही केलं वो माय! म्या काईच नाही केलं!" आणि तो गावाला धाकात ठेवणारा माणूस मायवेलीच्या खोडाला मिठी मारून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मोळी पाटात लोटलेली आठवली. 'घागर भरून आनजो' हे आठवलं. सगळं एकापाठोपाठ आठवत गेलं तसा त्यांना तिथे उभं राहवेना.

ते तसेच टेकाडावर गेले आणि महाराजांच्या पायांवर पालथे पडले. कपाळ ओल्या राखेत रुतलं.

"उठ बाप्पा," महाराज म्हणाले. "लाकडं तू भिजवली, पानी तू वतलं. म्या तं बसून होतो."

"मले लाजवू नका महाराज. एक मोळी अन् चार घागरी पानी, त्याच्यानं कुठं गावभराचे मळे झाकतात?"

 महाराजांनी विचारलं, "वासुकी रुसला का रे?"

"नाही जी."

"मग आयक. नेम खोटा नसते. लेकराले जपासाठीच नेम करा लागते. पन तू नेमाले जपत बसला अन् लेकराले इसरला. तुह्या पोरीनं सांगतलं होतं ना तुले? तिचं आयकलं असतं तं एवढी धावपळ कायले करा लागली असती?"

चौधरी दचकले. घरातलं ते बोलणं टेकाडावर कोणी सांगितलं होतं? त्यांनी पुन्हा पाय धरले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि चिमट्यानं कडुनिंबाखाली बसलेल्या उकर्डाकडे खूण केली. "माहे काय धरतं? ज्याचे पाय सांजी पाटात गारठले त्याचे धर."

हे ऐकलं मात्र, उकर्डा उठून झाडाच्या आडोशाला पळाला! चौधरी त्याच्यामागे गेले. झाडाभोवती एक फेरी पुढे उकर्डा, मागे चौधरी. महाराज पोट धरधरून हसले. शेवटी चौधरींनी त्याला गाठला आणि त्याच्या पायांना हात लावला. "उकर्डाजी, मले माफ करा," ते म्हणाले. 'उकर्ड्या'चा 'उकर्डाजी' झालेला ऐकून त्या गरीब माणसाला कुठे पाहावं ते कळेना.

मग चौधरींनी त्याचा हात धरला आणि त्याला खाली मळ्यापाशी आणलं. ताटव्यापाशी येताच उकर्डा जुन्या सवयीनं थांबला. "माह्या सदऱ्याले वास येते जी. नेम मोडंन."

"येऊ द्या," चौधरी म्हणाले. "मले बी येऊन राह्यला. आज साऱ्या मळ्यालेच येऊन राह्यला. चाला, असेच चाला. पयलं पान तुमीच खुडा. महाराजाले न्या लागते."

उकर्डा आत आला. किती दिवसांनी! त्यानं मायवेलीला हात जोडले आणि त्याच्या हलक्या बोटांनी एक पान असं खुडलं की वेल हललीसुद्धा नाही. ते पान महाराजांच्या हातावर ठेवलं गेलं तेव्हा निम्मं गाव टेकाडावर जमलं होतं. त्या वर्षी आसपासच्या गावांचे मळे थंडीनं जळून गेले. सगळ्यांना बेणं शिरजखोरीनं दिलं, आणि ते काढून द्यायचं काम उकर्डाकडे होतं.

माघात कौतिकाचं लग्न लागलं. निघायच्या वेळी चौधरींनी स्वतः मुलीची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि मायवेलीचं बेणं. ते बेणं त्यांनी तिच्या आईच्या हिरव्या लुगड्याच्या पदरात, ओलं करून गुंडाळलं होतं.  मुलीच्या सासूनं ओटी सावरून दिली तेव्हा तिला वास आला. तीही मळेकऱ्याच्याच घरातली, तिनं नाक मुरडलं. "इव्हाईबुवा, ह्या फडक्याले धुराचा वास येते की वो!"

एक काळ असा होता की या एका वाक्यावर चौधरींनी वऱ्हाड परत पाठवलं असतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, तिच्या ओटीतल्या त्या पोपटी सुरळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "येऊ द्या इहीणबाई. धुऊ नका तो. माह्या पोरीचं माहेर हाय ते."

आणि भर मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर, ते टेकाडाकडे वळले. तिथे कडुनिंबाच्या वर धुनीची बारीक रेघ सरळ चढत होती. चौधरींनी डोक्यावरचं पागोटं काढून खाली ठेवलं, गुडघे टेकले आणि मातीला कपाळ लावलं. मुलीची गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत ते उठले नाहीत.